समुद्राच्या टोकावर आपली हरणं भेटली : कोडियक्करई, तामिळनाडू

आखाड्यावरून

राम राम मंडळी. जानेवारीत वडलांना घेऊन तंजावरला जाऊन आलो. बृहदीश्वराच्या देवळात भोसल्यांचा इतिहास मराठीत दगडावर कोरलाय, तो त्यांना एकदा डोळ्यानं बघायचा होता. ते झालं आणि एक दिवस हातात उरला. लॉजवाल्यानं सांगितलं वेदारण्यमच्या पुढं समुद्रात घुसलेलं एक टोक आहे, जंगल आहे, हरणं दिसतात. वडलांनी समुद्र कधी बघितला नव्हता म्हणून गेलो, हरणांसाठी नाही.

जागेचं नाव कोडियक्करई, इंग्रजांनी पॉइंट कॅलिमेर केलं. नकाशात बघा, चेन्नईपासून किनारा खाली येतो येतो आणि इथं एकदम काटकोनात पश्चिमेला वळतो, त्या कोपऱ्यावरचं हे टोक. एका अंगाला बंगालचा उपसागर, दुसऱ्या अंगाला पाल्कची सामुद्रधुनी, पलीकडं श्रीलंका. वेदारण्यमपासून दहा-अकरा किलोमीटर असंल, रस्त्याच्या बाजूनं मिठागरं, पांढरे ढीगच्या ढीग, आणि मग जंगलखात्याचं गेट.

आत गेलो तर खिरणीची झाडं. आपल्याकडं खिरण्या विकायला येतात ना उन्हाळ्यात, तेच झाड, पण समुद्राच्या वाऱ्यानं बुटकं झालेलं, वाकडं, आणि असं सगळं जंगलच. त्याच्या पुढं एकदम उघडा माळ. बारीक गवत, खारट माती, मधी मधी पाणी. आणि त्या माळावर काळवीट. काळाभोर नर, पीळ पडलेली शिंगं, मागं आठ-दहा माद्या, आणि त्यांच्या मागं समुद्र.

वडील गाडीतून उतरले आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे तर आपलंच जनावर हाय की." त्यांचं आख्खं आयुष्य ह्या जनावराला गोफण मारण्यात गेलंय, हरभरा उगवला की रात्रभर आखाड्यावर, थंडीत. आणि इथं सरकारनं १९६७ साली ह्याच जनावरासाठी अभयारण्य केलंय. पक्ष्यांसाठी नंतर नाव झालं, पण सुरुवात काळविटापासून.

गेटवरच्या गार्डला मोडकं हिंदी येत होतं. त्याला विचारलं हरणांना त्रास कशाचा, वाघ-बिबट्या आहे का. तर त्यानं हात करून दाखवलं ते झाड बघून मी उडालोच. वेडी बाभळ! आपल्या मराठवाड्यातल्या गायरानात माजलीय तीच. तिकडं तिला सीमै करुवेलम म्हणतात, सीमै म्हणजे विलायती. माळावर पसरत चाललीय, गवत मारते, आणि काळविटाला तर उघडं रान लागतं. त्याचा जीव पळण्यावर असतो, लांबचं दिसलं पाहिजे आणि सुसाट पळता आलं पाहिजे, दाट झुडपात तो सहसा जात नाही.

तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय. इथं कुणाला ह्या जागेबद्दल जास्त माहिती असंल तर लिहा, आणि आपल्याकडच्या हरणांचं, माळाचं काय ते बी लिहा.

गोदाकाठ

वा, फार छान लिहिलंत भाऊ. मी पैठणचा, शाळेत शिकवतो आणि सुट्टीच्या दिवशी नाथसागरावर, म्हणजे जायकवाडी धरणाच्या पाण्यावर, पक्षी बघतो. कोडियक्करई माझ्या यादीत कित्येक वर्षं आहे, अजून जमलं नाही.

पक्ष्यांच्या बाजूनं थोडी भर घालतो. पक्षीतज्ज्ञ सालिम अलींनी ह्या जागेचं महत्त्व ओळखलं होतं आणि बीएनएचएसचं, म्हणजे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचं, पक्ष्यांच्या पायात कड्या घालायचं काम तिथं अनेक दशकं चाललंय. कडं म्हणजे ॲल्युमिनियमची बारीक पट्टी, त्यावर नंबर आणि मुंबईच्या संस्थेचं नाव. सैबेरियासारख्या लांबच्या मुलखातून आलेला बोटभर पक्षी जाळ्यात येतो, त्याचं वजन करतात, पंख मोजतात, कडं घालतात आणि सोडून देतात. पुढं तो कुठं सापडला तर रस्ता कळतो. चमच्यासारख्या चोचीचा तो छोटा तुतारी पक्षी, स्पून-बिल्ड सँडपायपर, जो आज जगात मोजकाच उरलाय, त्याच्यासुद्धा नोंदी ह्या टोकावर झालेल्या आहेत.

२००२ ला ती जागा रामसर झाली, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आली, तामिळनाडूतली पहिली. अभयारण्य मूळचं जेमतेम १७ चौरस किलोमीटरचं, पण रामसरमध्ये बाजूची दलदल आणि मुत्तुपेट्टईची कांदळवनं धरून ३८५०० हेक्टर आलं. म्हणजे नुसतं टोक नाही तर पाणी जिथून येतं आणि जिथं जातं तो सगळा पट्टा. हा मुद्दा मला सगळ्यात मोठा वाटतो.

तिथला पाऊस आपल्या उलटा. आपला जून ते सप्टेंबर, त्यांचा ऑक्टोबर ते डिसेंबर. त्या पावसानं वेदारण्यमची खारट दलदल भरते, खारटपणा उतरतो, त्यात बारीक जीव वाढतात आणि मग फ्लेमिंगो उतरतात. पाऊस चुकला किंवा पाण्याचा मार्ग अडला की खारटपणाचं गणित बिघडतं आणि पक्षी कमी होतात. छोटे चिखलपक्षी तर पूर्वीपेक्षा बरेच कमी झालेत.

आपल्या नाथसागराचं पण तसंच. १९८६ ला जायकवाडी पक्षी अभयारण्य झालं, फ्लेमिंगो आपल्याकडं पण येतात, पाणी उतरून उथळ चिखल उघडा पडला की. पण तोच चिखल गाळपेरीला जातो. पाणी मागं सरकलं की पेरणी पुढं सरकते. ज्यांची जमीन धरणात गेली त्यांना गाळपेर करू नका म्हणायची माझी हिंमत होत नाही, आणि पक्षी उडून गेलेले बघून पण जीव तुटतो.

विनंती एकच, नाथसागरावर किंवा कुठल्या तलावावर पायात कडं असलेला पक्षी मेलेला सापडला तर फेकू नका, नंबरचा फोटो काढा, तारीख-जागा लिहा आणि बीएनएचएसला कळवा.

रानराखण

सगळं ठीक हाय, पण मी औसा तालुक्यातला शेतकरी आहे आणि मला हे वाचून त्रास व्हायला. माझं पाच एकर. मागच्या साली सोयाबीन उगवून वर आलं, दोन पानावर होतं, तर एका रातीत हरणांनी दीड एकर साफ केलं. एवढ्या लहानपणी खुडलं की ते झाड बहुतेक परत धरत नाही. दुबार पेरणी केली, बियाणाची पिशवी, खत, ट्रॅक्टर, सगळं परत. अर्ज केला तर पंचनाम्याला माणूस कधी आला तर पीक कमरेएवढं झाल्यावर, म्हणतो कुठं हाय नुकसान.

हरणाला मारायचं नाही हे आम्हाला बी कळतं. माझ्या आज्यानं कधी मारलं नाही, मी बी मारणार नाही. पण रात्रभर बॅटरी घेऊन बांधावर फिरायचं, साप-इच्चू, डुकरं, आणि सकाळी परत औत धरायचं. पोरगं म्हणतं बाबा विका हे. तुमच्या त्या तामिळनाडूत हरणं पिकात येत नाहीत का?

आखाड्यावरून

दादा, तुमचं खरंय. आमची बी तीच गत, म्हणून तर वडील तिथं गप झाले होते.

तिथं तीन बाजूला समुद्र, दलदल आणि मिठागर, म्हणून हरणं टोकातच राहतात. आणि आत खायला गवत आहे. आपल्याकडं वडील सांगतात की त्यांच्या लहानपणी बी हरणं होती, कळपच्या कळप, पण पिकात कधीमधी यायची. कारण गावाच्या वरच्या अंगाला सगळा माळ होता, कुसळी, मारवेल, पवन्या, दिवाळीपर्यंत गुडघ्याएवढं गवत. आता त्या माळाचं काय झालं बघा, थोडा नांगरला, थोड्यावर क्रशर, थोड्यावर प्लॉटिंग, आणि उरला त्यावर वेडी बाभळ. हरणानं जावं कुठं. आपण म्हणतो हरणं वाढली, मला वाटतं त्यांचं रान कमी झालं म्हणून ती आपल्याला रोज दिसायलेत.

पंचनाम्याचं सांगतो, नुकसान झाल्यावर तीन दिवसांच्या आत वनखात्याला कळवावं लागतं, उशीर झाला की अर्ज पडून राहतो. पहिल्याच सकाळी फोटो काढा, खुराचे ठसे आणि मागं गट नंबरची खूण दिसंल असे.

नांदेडची लेक

नमस्कार. मी नांदेडची, लग्नानंतर चेन्नईत, चौदा वर्षं झाली. कोडियक्करईला तीनदा गेलेय, म्हणून लिहायला बसले.

आधी नावाबद्दल. करई म्हणजे किनारा, कोडी म्हणजे टोक, शेवट. आणि वेदारण्यमचं जुनं तमिळ नाव तिरुमरैक्काडु, मरै म्हणजे वेद आणि काडु म्हणजे रान, म्हणजे अर्थ एकच. अभयारण्यातली सगळ्यात उंच जागा म्हणजे एक वाळूचा उंचवटा, फक्त चार मीटरचा, त्यावर रामार पादम, रामाची पावलं. लोक म्हणतात तिथून रामानं लंकेकडं पाहिलं. एवढं सपाट टोक आहे ते, हे लक्षात घेतलं की पुढचं कळेल.

२६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी. नागपट्टिनम जिल्ह्यात सहा हजारांवर माणसं गेली, देशात सगळ्यात जास्त. कोडियक्करईला चोळांच्या काळातला म्हणून सांगतात तो जुना विटांचा दीपस्तंभ होता, तो त्या लाटेत गेला. आणि मग १६ नोव्हेंबर २०१८ ला पहाटे गजा चक्रीवादळ, नागपट्टिनम आणि वेदारण्यमच्या मधे जमिनीवर आलं. नारळाच्या बागा आडव्या झाल्या, जंगलातली जुनी झाडं मुळासकट पडली, आणि हरणं, चितळं, घोडे वाहून गेले, मेलेली जनावरं किनाऱ्याला लागली. मी त्यानंतर सात महिन्यांनी गेले होते, ओळखूच येईना. बरोबरचा गाईड एकेका बुंध्यापाशी थांबून सांगत होता, इथं हे होतं, इथं ते होतं. चार मीटरच्या उंचवट्यावर किती जनावरं चढणार हो.

घोडे म्हटलं म्हणून सांगते. तिथं मोकाट घोडे आहेत, पाळीव घोड्यांचे वंशज, पिढ्यान्‌पिढ्या रानात राहून जंगली झालेले. दिसायला सुंदर, पर्यटक त्यांचेच फोटो काढतात. पण ते काळविटाचंच गवत आणि काळविटाचंच पाणी संपवतात, आणि वेडी बाभळीच्या गोड शेंगा खाऊन लिदीतून बी सगळीकडं टाकतात. त्यांचं काय करावं ह्यावर तिथं वर्षानुवर्षं चर्चा आहे.

बाभळीबद्दल मात्र तिथं काम होतंय. जंगलखातं माळावरून टप्प्याटप्प्यानं उपटतं. २०१७ मधे मद्रास हायकोर्टाच्या मदुराई खंडपीठानं तर सीमै करुवेलम काढायचा आदेश दिला होता, तेव्हा गावोगाव जेसीबी फिरत होते. पण ज्यांची चूल त्या लाकडावर चालते, कोळसा पाडून जे पोट भरतात, त्यांचं काय हा प्रश्न तिथं पण होता आणि आपल्याकडं पण येणार, तो आधीच विचारात घ्या.

तंजावरचा वाटसरू

इतिहासाची थोडी भर. हे टोक जुन्या तंजावर मुलखातलं. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे, त्यांनी सतराव्या शतकात तंजावर घेतलं आणि १८५५ पर्यंत भोसल्यांचं नाव तिथं राहिलं. १७९९ नंतर कारभार मात्र इंग्रजांकडं गेला. आणि हे भोसले मूळचे वेरूळचे, म्हणजे आपल्या मराठवाड्यातले. वेरूळच्या घराण्याची एक फांदी बंगालच्या उपसागरापर्यंत गेली हे मला दरवेळी नव्यानं नवल वाटतं.

तिथून पश्चिमेला गेलं की पाल्कच्या किनाऱ्यावर मनोरा आहे, दुसऱ्या सरफोजीराजांनी नेपोलियनच्या पराभवाची आठवण म्हणून बांधलेला, नाव पण आपलंच, मनोरा. त्याच्या समोरच्या समुद्रात समुद्रगायी, ड्युगाँग, चरतात, समुद्रातलं गवत खातात. तामिळनाडूनं सप्टेंबर २०२२ मधे पाल्कच्या उपसागरात ४४८ चौरस किलोमीटरचं ड्युगाँग राखीव क्षेत्र केलं, देशातलं पहिलं. म्हणजे जमिनीवर गवत खाणारं काळवीट आणि पाण्यात गवत खाणारी समुद्रगाय, दोन्हींचा जीव गवतावरच.

मिठागरं पाहिलीत ना, त्यांचा पण मोठा इतिहास आहे. दांडीनंतर लगेच, १३ एप्रिल १९३० ला, राजगोपालाचारी शंभरेक स्वयंसेवक घेऊन तिरुचिरापल्लीहून वेदारण्यमला चालत निघाले. तंजावरच्या कलेक्टरनं दम दिला होता, ह्यांना खाऊ-पिऊ घालाल तर कारवाई होईल. लोकांनी रस्त्याच्या झाडांना अन्नाची गाठोडी बांधून ठेवली. एप्रिलच्या शेवटी पोचले आणि मीठ उचललं.

आणि अलीकडचं म्हणजे सेतुसमुद्रम. २००५ ला जहाजांसाठी कालवा खणायचं काम सुरू झालं, पाल्कच्या सामुद्रधुनीत ह्या टोकाच्या बाहेरच गाळ उपसायला लागले. मच्छीमारांनी, अभ्यासकांनी विरोध केला, पुढं रामसेतूवरून प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि काम थांबलं. बातम्यांत सगळी चर्चा सेतूची झाली, ह्या टोकाच्या चिखलाची, कासवांची, माशांची फार कमी झाली.

हिरवा_ध्यास

मला थोडं वेगळं म्हणायचंय. आम्ही पाच वर्षं गायरानावर वृक्षारोपण करतोय, टँकरनं पाणी घालून झाडं जगवलीत. मराठवाडा उघडाबोडका आहे, दुष्काळ आहे, झाडं लावलीच पाहिजेत. आता तुमच्या बोलण्यातून माळ उघडाच ठेवा असं निघतंय, हे पटायला जड जातंय.

आखाड्यावरून

ताई किंवा दादा जे असाल ते, तुमच्या कष्टाला नमस्कार, टँकरनं झाड जगवणं म्हणजे काय ते मला माहीत आहे. शाळेत, रस्त्याला, नाल्याच्या काठाला, बांधावर लावाच. वड, लिंब, चिंच लावा.

पण माळ म्हणजे उजाड जागा नाही हो. मी बी तसंच समजायचो. सरकारी कागदात बी "पडीक" लिहितात. चंडोल जमिनीवर घरटं करतो, धाविक तिथंच, टिटवी तिथंच, खोकड तिथं बीळ करतं, लांडगा तिथं फिरतो. हरणाचं पिल्लू गवतातच दडून बसतं. तिथं दाट झाडी केली की हे सगळे जातात आणि हरीण आपल्या सोयाबीनीत येतं. सोलापूरकडं नान्नजला माळढोकासाठी अभयारण्य, तिथं बी माळावर उंदीरमारीसारखी झाडं लावली गेली होती, माळढोक तर उघड्या गवताचा पक्षी.

नान्नजचं अजून एक. १९७९ ला अभयारण्य केलं तेव्हा कागदावर ८४९६ चौरस किलोमीटर, त्यात गावंच्या गावं, लोकांच्या जमिनीच्या खरेदी-विक्रीला अडचण, सगळे वैतागले, नंतर कमी करून १२२२ वर आणलं. आणि कोडियक्करई मुळात १७ चौरस किलोमीटरचं. तेवढंच धरलं पण धरून ठेवलं. इतक्या वर्षांत त्सुनामी आली, गजा आलं, घोडे, बाभळ, सगळं झालं, पण काळवीट अजून त्या माळावर उभं आहे आणि माझ्या वडलांनी ते बघितलं. आपल्याला बी आख्खा तालुका नको. गावागणिक एक गायरान, चाळीस-पन्नास एकर का होईना, गवताचं राहू द्या. गवत कापून गुरांना नेता येतंय, त्यात गावाचा बी फायदा.

रानराखण

हे मला पटतंय. आमच्या गावचं गायरान बासष्ट एकर, निम्म्यावर वेडी बाभळ. शेळ्या जातात, हात घालायला जागा नाही, काटा पायात गेला तर पाय सुजतो. ती काढली तर हरणं पिकात यायची थांबतील असं मी म्हणणार नाही, पण कमी झाली तरी चाललं. पण काढायची कशी, आम्ही दोनदा तोडली, पावसाळ्यात परत दुप्पट फुटवे.

नांदेडची लेक

दादा, नुसती तोडली तर फुटणारच. बुडखा जमिनीखालून मुळासकट काढावा लागतो. आणि शेंगा पिकून पडायच्या आत, नाहीतर शेळ्या-गाई खातात आणि लेंडीतून, शेणातून बी पेरत जातात. एका वर्षात होत नाही, पुढची तीन-चार वर्षं पावसाळ्यानंतर रोपं उपटत फिरावं लागतं. आणि लाकूड गावातल्या भूमिहीन घरांना आधी द्या, बाहेरच्या ठेकेदाराला नको.

हिरवा_ध्यास

वाचलं. आमच्या गायरानाच्या वरच्या अर्ध्या भागात अजून झाडं लावलेली नाहीत, यंदा खड्डे घ्यायचे होते. ते थांबवून एक पावसाळा नुसतं गवत येऊ देऊन बघतो. चराईबंदीचा ठराव ग्रामसभेत मांडावा लागेल, कुणाकडं नमुना असेल तर टाका.

आखाड्यावरून

ठराव आमच्या ग्रामसेवकाकडून घेऊन इथं टाकतो, आमच्याकडं बी पुढच्या महिन्यात ग्रामसभा आहे. आमची पंधरा एकराची पट्टी आधी घ्यायची ठरवलंय, डोंगराला लागून. वडील म्हणाले तिथं पूर्वी पवन्या यायचा आणि बी अजून जमिनीत असंल.

गोदाकाठ

पट्टी साफ करायच्या आधी मला सांगा, मी दोन रविवार येतो. आत्ता तिथं कोणते पक्षी, हरणं किती, घरटी कुठं, सगळं लिहून ठेवू, म्हणजे दोन वर्षांनी तुलना करता येईल. मार्चनंतर टिटवीची अंडी असतील, पाय जपून टाकावे लागतील. दुर्बीण माझ्याकडं दोन आहेत, एक वडलांसाठी घेऊन येतो.